‘अ‍ॅप तीच दहा गाणी फिरवतं, पुढे कुणाला ऐकू?’

पत्र

नमस्कार ताई,

माझं वय ५४. भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळतो. इंग्रजी गाण्यांशी कॉलेजनंतर संबंध सुटला होता. मागच्या पावसाळ्यात मुलीने एक ब्रिटिश मालिका दाखवली, त्यात एक जुनं संथ गाणं होतं. शोधल्यावर गायिकेचं नाव कळलं, अर्मा थॉमस. तेव्हापासून सोल संगीताचं (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या, चर्चच्या गाण्यांतून उगवलेल्या संगीताचं) वेडच लागलंय, त्यातही संथ गाण्यांचं. अरीथा फ्रँकलिन आणि एटा जेम्स ऐकून झाल्या, पण अ‍ॅप फिरून फिरून तीच दहा-बारा गाणी समोर ठेवतं. या बायकांच्या तोडीच्या आणखी कुणी होत्या का? असतील तर आपल्यापर्यंत नावं का आली नाहीत? शब्द निम्मेअधिक कळत नाहीत, तरी डोळ्यांत पाणी येतं.

दुसरी अडचण घरची. मी ही गाणी खाली पार्किंगमध्ये गाडीतच बसून ऐकतो, कधी अर्धा तास, कधी पाऊण. बायकोला वाटतंय माझं काहीतरी बिनसलंय. तिला काय सांगू?

– पार्किंगमधला श्रोता, पुणे

उत्तर

प्रिय श्रोते,

आधी घरचा प्रश्न निकालात काढू, कारण तो सोपा आहे आणि तुम्ही उगाच अवघड करून ठेवलाय. नवऱ्याची गाडी खाली लागलेली दिसते, नवरा पाऊण तास वर येत नाही, आणि येतो तेव्हा डोळे लाल. यावरून कुठलीही शहाणी बाई जो अर्थ काढेल तोच वहिनींनी काढलाय. आज जेवणं झाली की फोन टेबलावर ठेवा, अर्मा थॉमसचं गाणं लावा आणि सांगा, ‘मी खाली बसून हे ऐकतो.’ पुढे काही बोलू नका. गाण्याआधी प्रस्तावना तर मुळीच नको. त्यांना आवडलं तर छानच, नाही आवडलं तर निदान संशय फिटेल. एक मात्र विचारून ठेवते. गाणं चालू नसतानाही रडू येतं का? झोप, भूक कमी झाली आहे का? तसं असेल तर माझ्या सदराकडे नको, डॉक्टरांकडे जा. पत्राच्या सुरावरून मला तसं वाटत नाही. ५४ व्या वर्षी चांगलं गाणं ऐकून डोळे भरून आले तर त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आता खऱ्या प्रश्नाकडे. अ‍ॅपवर रागावू नका. लाखो लोकांनी जे ऐकलं तेच ते तुम्हाला वाढणार. ज्या गाण्यांच्या तबकड्या १९६६ साली मुळातच थोड्या खपल्या, ती गाणी त्याच्या हिशेबात खालीच राहतात. म्हणून गायिकांची नावं टाकून शोधत बसण्यापेक्षा गाव आणि स्टुडिओ धरून ऐका. त्या काळच्या अमेरिकेत बऱ्याच स्टुडिओंचे स्वतःचे ठरलेले वादक होते. तेच चार-पाच जण सकाळी एका गायिकेला वाजवायचे आणि संध्याकाळी दुसरीला. त्यामुळे एका गायिकेचा आवाज कानात बसला की त्याच खोलीत गाऊन गेलेल्या बाकीच्याही हाताला लागतात.

तुमच्या हातात एक गाव आधीच आहे, न्यू ऑर्लिन्स. तुम्ही मालिकेचं नाव लिहिलेलं नाही, पण ती ‘ब्लॅक मिरर’ असणार. २०११ साली तिच्या पहिल्या हंगामात ‘एनीवन हू नोज व्हॉट लव्ह इज’ आलं आणि १९६४ चं ते गाणं जगभर नव्याने शोधलं गेलं. त्या तबकडीची दुसरी बाजू ऐकलीत का? तिच्यावर ‘टाइम इज ऑन माय साइड’ होतं. त्याच वर्षी लंडनच्या रोलिंग स्टोन्स या बँडने ते अर्माच्या ढंगात जवळजवळ जसंच्या तसं गायलं आणि अमेरिकेत पहिल्यांदा पहिल्या दहांत पोचला. अर्मा ते गाणं स्टेजवर म्हणायला लागली की लोकांना वाटायचं, ही स्टोन्सची नक्कल करते आहे. मग तिने कितीतरी वर्षं ते म्हणणंच सोडून दिलं.

अर्माची कहाणी थोडी सविस्तर सांगते, कारण बाकीच्या बहुतेकींच्या कहाण्या तिच्याच घरातल्या वाटतात. जन्म १९४१ चा, लुइझियानातल्या पाँचाटुला गावचा. चौदाव्या वर्षी पहिलं मूल, विशीच्या आत दोन लग्नं आणि चार मुलं. एका क्लबात वेट्रेस होती. काम सोडून बँडबरोबर गाते म्हणून मालकाने काढून टाकलं, आणि बँडवाल्याने ठेवून घेतलं. पुढे ॲलन टूसँ या पियानोवादक-संगीतकाराच्या हाताखाली मिनिट या छोट्या लेबलसाठी, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी, तिने जी गाणी केली, तिथून सुरुवात करा. १९६२ चं ‘इट्स रेनिंग’ आधी लावा. पियानो एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं अखंड मोजत राहतो. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ही चाल लगेच सापडते. मागे कोरस ‘ड्रिप ड्रॉप’ म्हणत थेंब पाडत राहतो, आणि अर्मा या सगळ्याच्या वर, अगदी न ओरडता, खिडकीशी बसलेल्या बाईसारखी गाते. १९६३ चं ‘रूलर ऑफ माय हार्ट’ ओटिस रेडिंग या सोल गायकाने उचललं, शब्द फिरवले आणि ‘पेन इन माय हार्ट’ नावाने स्वतःचं केलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. ओटिस मलाही प्रिय आहे, पण या सामन्यात तो हरतो.

तिचं मला सगळ्यात आवडणारं गाणं तिने स्वतः लिहिलं, ‘विश समवन वुड केअर’, १९६४. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. इथे तुमच्या ‘नावं का आली नाहीत’ या प्रश्नाचा एक तुकडा सापडतो. बिलबोर्ड साप्ताहिकाने कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची स्वतंत्र यादी १९६३ च्या नोव्हेंबरअखेरीस बंद केली आणि ती १९६५ च्या जानेवारीत पुन्हा सुरू केली. मधलं जवळजवळ सव्वा वर्ष त्या यादीत कोण पहिलं होतं याची नोंदच नाही. अर्माचं सर्वांत भरभराटीचं वर्ष नेमकं त्या भगदाडात पडलं. त्यातच ब्रिटिश बँडांची लाट आली. आज कुणी जुन्या याद्या चाळून ‘महान गायिका’ निवडायला बसला तर त्याला अर्मा दिसते, पण होती त्याहून लहान दिसते.

पुढे १९६९ च्या कमील चक्रीवादळानंतर ती कॅलिफोर्नियाला गेली, दुकानात नोकरी केली, परत गावी आली, नवऱ्याबरोबर क्लब चालवला. तो क्लब २००५ च्या कॅट्रीना वादळात बुडाला. त्यानंतर लगेच केलेल्या ‘आफ्टर द रेन’ या अल्बमला २००७ मध्ये ग्रॅमी मिळालं. पासष्टीच्या आसपास पहिलं ग्रॅमी.

न्यू ऑर्लिन्स सोडण्याआधी बार्बरा लिनला भेटून जा. ती टेक्सासच्या बोमाँटची, पण १९६२ चं ‘यू’ल लूझ अ गुड थिंग’ न्यू ऑर्लिन्सलाच, कोझिमो मटासाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. स्वतः लिहिलेलं गाणं, आणि गिटारही स्वतःच वाजवणारी. तीही डावखुरी! त्या काळी पोरींनी स्टेजवर उभं राहून गायचं आणि वाद्यं पुरुषांनी वाजवायची हा शिरस्ता होता. तिच्या जुन्या चित्रफिती पाहाच. वीस-बावीस वर्षांची मुलगी इलेक्ट्रिक गिटार उलटी धरून शांतपणे, जराही नखरा न करता, प्रियकराला सांगते आहे की मला सोडशील तर नुकसान तुझंच आहे.

नंतर मेंफिस. इथे दोन मोठी लेबलं, स्टॅक्स आणि हाय, आणि दोघांचेही स्टुडिओ जुन्या सिनेमा थिएटरांत थाटलेले. हायच्या रॉयल स्टुडिओत तर प्रेक्षकांच्या खुर्च्यांसाठीचा जमिनीचा उतारही तसाच राहिला. तिथला मालक-संगीतकार विली मिचेल, तिघे हॉजेस भाऊ आणि त्यांचे ड्रमर यांनी ॲल ग्रीनला जगभर नेलं, म्हणून लोकांना तो माहीत असतो. त्याच खोलीत, त्याच वादकांबरोबर ॲन पीबल्स गात होती. लहानखुरी बाई, आवाजही मोठा नाही, पण प्रत्येक ओळ दात आवळून म्हटल्यासारखी. १९७३ च्या ‘आय कान्ट स्टँड द रेन’ची गोष्ट प्रसिद्ध आहे. कार्यक्रमाला निघायच्या वेळी पाऊस कोसळायला लागला, ती वैतागून म्हणाली की मला हा पाऊस सहन होत नाही, आणि तिचा जोडीदार, हायचाच गीतकार डॉन ब्रायंट पियानोवर जाऊन बसला. गाणं त्याच रात्री पुरं झालं, कार्यक्रम राहिला तो राहिलाच. दुसऱ्या वर्षी दोघांचं लग्नही झालं. सुरुवातीचे ते पाण्याच्या थेंबांसारखे टिपटिप आवाज इलेक्ट्रिक टिंबालीचे, म्हणजे एका प्रकारच्या छोट्या ड्रमचे आहेत. हे गाणं तुम्ही कदाचित टीना टर्नरच्या आवाजात ऐकलं असेल. ते विसरून मूळ ऐका, आणि मग ‘ट्रबल, हार्टेक्स अँड सॅडनेस’. पावसाळ्यात वेड लागलेल्या माणसाने पावसाची दोन गाणी एकाच आठवड्यात ऐकावीत की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

तिसरं ठिकाण मसल शोल्स, अलाबामा. टेनेसी नदीकाठचं छोटं गाव, तिथे रिक हॉलचा फेम स्टुडिओ. एटा जेम्सचं ‘आय’ड रादर गो ब्लाइंड’ तुम्ही ऐकलंच असेल, ते १९६७ साली इथलंच. त्याच वर्षी जानेवारीत अरीथा इथे आली, एक गाणं पुरं झालं, मग भांडण झालं आणि ती न्यूयॉर्कला परतली. वादकांना मात्र तिने तिकडे बोलावून घेतलं. ते वादक बहुतेक गोरे, खेड्यातले, कंट्री या तिथल्या ग्रामीण गोऱ्यांच्या संगीतावर वाढलेले. हे मुद्दाम सांगते, कारण इथल्या गायिकांच्या संथ गाण्यांत कंट्रीचं पाणी मुरलेलं आहे. कँडी स्टॅटनने १९७० मध्ये कंट्री गायिका टॅमी वायनेटचं ‘स्टँड बाय युअर मॅन’ गायलं. मूळ गाणं नवऱ्याच्या पाठीशी उभं राहण्याचा उपदेश करतं. कँडीच्या तोंडून तेच ऐकताना वाटतं की हिने ते करून पाहिलंय आणि किंमतही मोजली आहे. लोक तिला १९७६ च्या ‘यंग हार्ट्स रन फ्री’ या डिस्को गाण्यावरून ओळखतात. तेही उत्तमच आहे, पण तुमच्यासाठी फेममधली तिची १९६९ ते १९७३ ची गाणी. ‘मिस्टर अँड मिसेस अनट्रू’पासून सुरू करा.

बेट्टी स्वानही याच वाटेवरची. १९६७ मध्ये ‘मेक मी युवर्स’ कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिलं आलं, पुढे तिने कंट्री गायक मर्ल हॅगर्डचं ‘टुडे आय स्टार्टेड लव्हिंग यू अगेन’ गायलं. या सगळ्यांत सर्वांत कमी आवाज करणारी बाई ही. तिच्या गाण्यात रडणं नाहीच, रडून झाल्यानंतरचं बोलणं आहे. यथावकाश गाणं सोडून ती लास व्हेगासला स्थायिक झाली. तिची आणि कँडीची जुनी गाणी २००० नंतर लंडनच्या ऑनेस्ट जॉन्स या दुकानवजा लेबलने नव्याने काढली, तेव्हा कुठे नव्या पिढीला पत्ता लागला.

शिकागो, न्यूयॉर्क आणि नवार्क यांच्यासाठी मी तुम्हाला एकेकच गाणं देते. शिकागोच्या चेस लेबलवरची मिटी कॉलियर, ‘आय हॅड अ टॉक विथ माय मॅन’, १९६४. जेम्स क्लीव्हलंड यांचं एक भजन होतं, काल रात्री मी देवाशी बोललो या अर्थाचं. त्यातला देव काढून तिथे प्रियकर बसवला, चाल जवळपास तीच ठेवली. आपल्याला याचं फारसं नवल वाटायला नको, पण चर्चमध्ये वाढलेल्या त्या पोरींना यावरून घरचं आणि दारचं बरंच ऐकून घ्यावं लागे. मिटी पुढे चर्चकडेच परतली आणि धर्मोपदेशक झाली.

न्यूयॉर्कची गोष्ट फ्रँक सिनाट्रा या बड्या गायकापासून सुरू होते. १९६६ साली त्याचं एक ध्वनिमुद्रण ऐनवेळी रद्द झालं. चाळीसहून जास्त वादकांचा ताफा ठरलेला, पैसे तर द्यावेच लागणार. कंपनीने निर्माता जेरी रॅगवॉयला विचारलं, तुला वापरायचाय का? त्याने फिलाडेल्फियाच्या लॉरेन एलिसनला उभं केलं आणि ‘स्टे विथ मी’ झालं. सिनाट्रासाठी जमवलेल्या वाद्यवृंदासमोर ही बाई पहिली दोन कडवी जवळजवळ कुजबुजते आणि मग जे काही करते ते मी लिहून दाखवू शकत नाही. इतकंच सांगते, आवाज आधीच कमी ठेवा आणि गाडी चालवत असाल तर लावू नका.

न्यूयॉर्कशेजारच्या नवार्कची लिंडा जोन्स त्याच्याही पुढची. तिचा १९६७ चा ‘हिप्नोटाइज्ड’ बराच चालला, पण तुम्ही १९७२ चं ‘युवर प्रेशस लव्ह’ ऐका. सुरुवातीला ती चक्क बोलते, प्रवचन दिल्यासारखं. मग एकेका अक्षरावर इतक्या हरकती, इतक्या ताना घेते की काही जाणकारांना ते अति वाटतं. मलाही काही दिवशी अति वाटतं, आणि काही दिवशी तिच्याशिवाय दुसरं कुणी ऐकवत नाही. लहानपणापासून मधुमेह. त्याच वर्षी मार्चमध्ये, न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात कार्यक्रम चालू असतानाच्या काळात ती गेली. वय २७.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा उरलेला भाग. नावं आली नाहीत याची कारणं हळवी नाहीत, व्यापारी आहेत. या बायकांचं काम म्हणजे ४५ च्या वेगाच्या छोट्या तबकड्या, एका बाजूला एक गाणं. ती रेडिओवर वाजली तर खपायची, आणि वाजवणारा डीजे कुणाच्या ओळखीचा, कुणी त्याला खूश ठेवलंय, यावर बरंच अवलंबून. लेबलं छोटी. एखादं गाणं गाजलं तरी दुकानदारांकडून पैसे वसूल होईपर्यंत कंपनीचंच दिवाळं निघायचं. अर्मा फ्रँकलिनचं उदाहरण घ्या. (हीसुद्धा अर्माच, आणि अरीथाची थोरली बहीण. गोंधळ करू नका.) १९६७ मध्ये तिचं ‘पीस ऑफ माय हार्ट’ चढत असतानाच, वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या लेबलचा प्राण असलेला बर्ट बर्न्स हृदयविकाराने गेला. पुढच्या वर्षी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन त्या गाण्याने तारका झाली. थोरलीला त्याचं श्रेय थोडंफार मिळालं ते १९९२ मध्ये, ब्रिटनमध्ये जीन्सच्या जाहिरातीत तिचं मूळ गाणं वाजल्यावर. पंचवीस वर्षांनी ते तिथे पहिल्या दहांत आलं.

त्यात १९६७ नंतर सगळ्यांवर अरीथाची सावली पडली. प्रत्येक कंपनीला आपापली अरीथा हवी होती, आणि जी अरीथासारखी नव्हती तिचं काय करावं हे कुणाला कळेना. मग सत्तरीच्या मध्यावर डिस्को आलं आणि संथ गाण्यांचा बाजारच उठला.

इथे तुम्हाला एक विनंती आहे, आणि या पत्रात मला मुख्यतः हेच म्हणायचंय. तुम्ही पत्रात तसं लिहिलं नाहीत, पण या वाटेला लागलेला प्रत्येक जण काही दिवसांनी तिकडे जातो: या बायकांना दुर्दैवी म्हणून ऐकायला लागतो. बिचारी हिला पैसे मिळाले नाहीत, बिचारी हिला कुणी ओळखलं नाही. मग गाण्यातलं दुःख आणि आयुष्यातलं दुःख यांचा काला होतो आणि कारागिरी दिसेनाशी होते. बेट्टी लव्हेटला ऐका, म्हणजे ही सवय मोडेल. डेट्रॉइटची, १९६२ मध्ये सोळाव्या वर्षी पहिलं गाणं गाजलं. १९६५ चं ‘लेट मी डाउन ईझी’ म्हणजे या सगळ्या प्रकाराचा कळस. १९७२ मध्ये मसल शोल्सला अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि कंपनीने तो कारण न सांगता कपाटात ठेवला. तिचा पहिला मोठा अल्बम बाजारात आला तो थेट १९८२ मध्ये. कपाटातला अल्बम एका फ्रेंच संग्राहकाने शोधून २००० साली काढला, आणि २००५ मध्ये तिने नवा अल्बम केला, सगळी गाणी स्त्रियांनी लिहिलेली. मधल्या वर्षांत ती रडत बसली नव्हती. छोट्या क्लबांत, नाटकाच्या दौऱ्यांवर गात होती, काम करत होती. २००८ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये तिने द हू या बँडचं ‘लव्ह, रेन ओव्हर मी’ त्या बँडच्याच लोकांसमोर गायलं. ती चित्रफीत पाहा. दोन ओळींच्या मध्ये ती किती वेळ गप्प राहते, सूर कुठे मुद्दाम मोडते, श्वास कुठे ऐकू देते, ते पाहा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज रात्री समोरच्या पंचवीस माणसांना धरून ठेवल्यावर ते येतं. या बाईला दया दाखवायला गेलात तर ती तुम्हालाच दाराबाहेर काढेल, असा एकूण रंग आहे.

शब्दांचं म्हणता, तर संथ गाण्यांत शब्द मुळात कमी असतात. एकदा इंटरनेटवर वाचून घ्या आणि मग वाचणं बंद करा. अपवाद एका मालिकेचा, तिथे शब्द कळलेच पाहिजेत, कारण तिथे बायका एकमेकींना उत्तरं देताहेत. १९७० मध्ये डॉरिस ड्यूकने ‘टू द अदर वुमन’ गायलं, ‘दुसऱ्या बाई’च्याच तोंडून. (हे नाव शोधलंत तर आधी तंबाखूच्या धंद्यातल्या एका अब्जाधीश बाईची माहिती येईल. ती नव्हे. नावापुढे ‘आय’म अ लूझर’ हे अल्बमचं नाव जोडा.) जॉर्जियातल्या मेकनला झालेला हा अल्बम या प्रकारातला सर्वोत्तम मानणारे बरेच आहेत आणि मी त्यांत आहे. स्वॅम्प डॉग नावाच्या अवलिया निर्मात्याने तो केला आणि काही काळातच ते लेबल बुडालं. पुढे १९७४ मध्ये स्टॅक्सवर शर्ली ब्राऊनचं ‘वुमन टू वुमन’ आलं. सुरुवातीला फोन वाजतो. नवऱ्याच्या खिशात सापडलेला नंबर फिरवून बायको त्या दुसऱ्या बाईशी, बार्बराशी, अतिशय सभ्यपणे बोलते: तो जे कपडे घालतो ते मी घेते, तो जी गाडी चालवतो तिचा हप्ता मी भरते. दहा लाखांवर खप झाला. लगेच बार्बरा मेसन या गायिकेने त्या बार्बराच्या वतीने ‘फ्रॉम हिज वुमन टू यू’ असं उत्तर काढलं! त्याच वर्षी मिली जॅक्सनने ‘कॉट अप’ अल्बमची एक बाजू प्रेयसीच्या तोंडून आणि दुसरी बायकोच्या तोंडून गायली. वहिनींना ही गाणी फार आवडतील अशी माझी खात्री आहे, फक्त संशय पूर्ण फिटेपर्यंत थांबा.

ऐकायची पद्धत विचाराल तर एका आठवड्याला एकच गायिका. सलग वीस संथ गाणी लावलीत की सगळ्यांचं दुःख एकच वाटायला लागतं आणि कान बधिर होतो. तीन गाणी पुरतात, पण तीच तीन रोज. पहिल्या दिवशी गायिका ऐका, दुसऱ्या दिवशी तिला सोडून फक्त ड्रम आणि बास, तिसऱ्या दिवशी मागचा कोरस कुठे तिला उत्तर देतो आणि कुठे गप्प बसतो ते. क्वालिटी विभागात तुम्ही हेच करत असाल, मी काय सांगायचं.

एकत्र संग्रह हवा असेल तर ‘डेव्ह गॉडिन्स डीप सोल ट्रेझर्स’ हे नाव लिहून घ्या. गॉडिन हा इंग्रज पत्रकार-दुकानदार. उत्तर इंग्लंडच्या क्लबांत वेगवान सोल गाण्यांवर रात्रभर नाचणाऱ्या पोरांच्या छंदाला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव त्यानेच दिलं. पण त्याचा स्वतःचा जीव संथ गाण्यांत होता, ज्यांच्यावर नाचता येत नाही म्हणून त्या पोरांनीही ती बाजूला टाकली होती. लंडनच्या एस रेकॉर्ड्सच्या केंट लेबलवर १९९७ पासून त्याने चार भाग काढले. चौथा भाग आला त्याच वर्षी, २००४ मध्ये, तो गेला. त्यातली निवड एका हट्टी माणसाची आहे, प्रत्येक गाणं पटेलच असं नाही, पण फालतू एकही नाही.

शेवटी एक सावधगिरी. या पिढीतल्या अनेक गायिकांनी आपली गाजलेली गाणी पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायली, बऱ्याचदा स्वस्त की-बोर्डच्या साथीने. अ‍ॅपवर ती मूळ गाण्याच्याच नावाने आणि तरुणपणीच्याच फोटोसह असतात. गाणं सुरू होताच ड्रम प्लॅस्टिकचे वाटले तर तिथेच थांबा, माहितीत ‘री-रेकॉर्डेड’ लिहिलंय का बघा, आणि लेबल तपासा. अर्मा थॉमससाठी मिनिट किंवा इंपीरियल, ॲन पीबल्ससाठी हाय, कँडी स्टॅटनसाठी फेम, मिटी कॉलियरसाठी चेस, बेट्टी लव्हेटच्या १९६५ च्या गाण्यासाठी कॅला. लिंडा जोन्सला तिसऱ्या महिन्याच्या आधी हात लावू नका, आणि लावलात तर सहन झाली की नाही ते कळवा.

– तुमची, सूरताई